गल्लीतल्या कोंबड्या, शेजारचे वाफे: परसातील कुक्कुटपालन आणि परसबाग शेजाऱ्यांच्या साथीने कशी चालवावी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक गावठाणांत घराला घर लागून असते, दोन परसांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत किंवा नुसती काट्यांची शिरी असते, आणि एका घरच्या मोरीचे पाणी दुसऱ्या घरच्या आळूला जाते. अशा वस्तीत दहा कोंबड्या पाळणारे घर आणि मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे करणारे घर यांचा संबंध रोज येतो, आणि तो मुख्यतः कोंबडीच्या पायांनी येतो. परसातील कुक्कुटपालनावर माहितीपत्रके भरपूर आहेत, पण त्यांतील बहुतेक एकच घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. प्रत्यक्षात कोंबडीचा रोग, तिचे उकरणे, तिच्या खुराड्याचा वास आणि तिच्या दाण्यावर येणारे उंदीर यांपैकी काहीही एका घरापुरते राहत नाही. म्हणून या लेखात नियोजनाचे एकक घर नसून गल्ली किंवा वस्ती धरली आहे. सोबत दिलेला क्रम पाच ते वीस पक्षी पाळणारी आणि अर्धा-एक गुंठा परसबाग करणारी कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे.

पहिली पायरी: मृगापूर्वी एक बैठक

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, गल्लीतील पाच-सात घरांनी अर्धा तास एकत्र बसावे. बचत गटाची मासिक सभा असेल तर तिला जोडूनच हे काम करता येते, आणि बहुतेक ठिकाणी कोंबड्या व परसबाग या दोन्ही गोष्टी महिलांच्याच हाती असल्याने तीच योग्य जागा आहे. या बैठकीत कोणाकडे किती पक्षी आहेत, कोण कोणत्या वाफ्यात काय आणि कधी टाकणार आहे, कोणाच्या घरी दम्याचा रुग्ण किंवा तान्हे बाळ आहे, कोणते घर माळकरी, जैन किंवा अन्य कारणाने शाकाहारी आहे आणि कोणाचा कुत्रा कोंबड्यांच्या मागे लागतो, एवढी माहिती एका वहीत लिहून काढावी. ही वही नंतर लसीकरणालाही लागणार आहे, म्हणून ती एकीनेच सांभाळावी.

बैठकीत फक्त तीन गोष्टी ठरवाव्यात: कोंबड्या मोकळ्या सोडण्याची वेळ, लसीकरणाचा दिवस आणि नुकसान झाल्यास काय करायचे याची रीत. नियमांची लांबलचक यादी करू नये, कारण ती कोणी पाळत नाही आणि न पाळलेला नियम हा नियम नसण्यापेक्षा जास्त कटुता आणतो.

दुसरी पायरी: पक्षी किती आणि कोणते

जातीची निवड करताना अंडी आणि मांस यांचा विचार सगळेच करतात. पक्षी किती उंच उडतो याचा विचार सहसा कोणी करत नाही. गावठी कोंबडी चपळ असते, चार-पाच फुटांची भिंत सहज ओलांडते, मुंगसा-कुत्र्यांपासून स्वतःला वाचवते आणि रवणीला (अंडी उबवायला) चांगली बसते, पण वर्षाला साधारण साठ ते ऐंशीच अंडी देते. गिरीराज आणि वनराज यांसारख्या सुधारित जाती अंगाने जड असल्याने कुंपणाच्या आत राहतात आणि अंडीही जास्त देतात. मात्र त्या खुडूक होऊन अंडी उबवण्याच्या भरवशाच्या नाहीत, त्यामुळे दर वेळी पिल्ले विकत आणावी लागतात. घराला घर लागलेल्या गावठाणात जड जातीचे पक्षी आणि एखाद-दुसरी गावठी कोंबडी उबवणीसाठी, अशी जोडी शेजाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत कमी त्रासाची ठरते. मळ्यात किंवा वस्तीवर घर सुटे असेल तर निर्धास्तपणे गावठी पक्षी पाळावेत. पिल्लांसाठी पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे आणि कोल्हापूर येथे आहेत. चार घरांनी मिळून एकाच वेळी मागणी नोंदवली तर एकाच वयाची पिल्ले मिळतात आणि पुढचे लसीकरण सोपे होते.

नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा पाळण्याची आवश्यकता नाही. कोंबड्याशिवायही कोंबड्या तितकीच अंडी घालतात. उबवणीची अंडी हवी असल्यास आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, म्हणजे संपूर्ण गल्लीत दोन कोंबडे पुष्कळ झाले. पहाटे चार वाजता आरवणारे सात कोंबडे सात घरी असण्याला कोणताही व्यावहारिक आधार नाही.

कडकनाथविषयी एक वाक्य लिहिलेच पाहिजे. मूळच्या मध्य प्रदेशातील झाबुआ भागातल्या या जातीत दोष काही नाही, पण २०१९ साली सांगली जिल्ह्यात उघडकीस आलेल्या कडकनाथ गुंतवणूक प्रकरणानंतर तरी, पक्षी विकणाराच अंडी परत विकत घेण्याची हमी देतो तेव्हा खरेदीच्या आधी ती हमी गल्लीत चार जणांना वाचून दाखवावी.

तिसरी पायरी: खुराड्याची जागा

खुराडे स्वतःच्या घराला सोयीचे आणि शेजाऱ्याच्या खिडकीखाली, अशी रचना गावोगावी दिसते. जागा ठरवताना आधी वारा पाहावा. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे खुराड्याचा वास पूर्वेच्या बाजूला जातो, आणि वास सर्वांत जास्त याच चार महिन्यांत येतो. म्हणून पूर्वेला लागूनच शेजारचे स्वयंपाकघर किंवा देवघर असेल तर ती जागा सोडावी. खुराड्याची पश्चिमेची बाजू पावसाच्या झडीसाठी बंद आणि पूर्वेची बाजू सकाळच्या उन्हासाठी जाळीची ठेवावी. पाटण, शिराळ्याच्या पश्चिम भागासारख्या जास्त पावसाच्या ठिकाणी तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्यावा. कृष्णाकाठच्या ज्या गल्ल्यांत २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी शिरले, तेथे उचलून नेता येईल असेच हलके खुराडे करावे.

रात्रीपुरत्या मुक्कामासाठी प्रत्येक पक्ष्याला दीड ते दोन चौरस फूट जागा धरावी, आत बसण्यासाठी आडवी दांडी असावी आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी एक डालगे किंवा खोके ठेवावे. तळाला भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाच्या शेंगांची टरफले यांची तीन-चार इंचांची गादी करावी. गादी कोरडी असेपर्यंत वास येत नाही, ही साधी गोष्ट लक्षात ठेवली तर अर्ध्या तक्रारी मिटतात. पाण्याचे भांडे सांडते तेथेच गादी ओली होते, म्हणून भांडे खुराड्याबाहेर किंवा विटेवर उंच ठेवावे आणि ओला झालेला भाग त्याच दिवशी काढून तेथे कोरडे तूस घालावे. उष्ण दिवसांत माशीच्या अंड्यापासून माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे विष्ठा आठवड्यातून एकदा हलवली तर माश्यांची साखळी तुटते, आणि पंधरा दिवसांनी हलवली तर माश्या शेजारच्या ताटावर गेलेल्या असतात.

उंदरांचा प्रश्न याहून गंभीर आहे. रात्रभर उघडे राहिलेले खाद्य उंदीर-घुशींना बोलावते आणि त्यांच्या मागोमाग धामण किंवा नाग येतो. नागपंचमीसाठी बत्तीस शिराळ्याचे नाव सर्वदूर झालेल्या या मुलखात साप दिसणे नवलाचे नाही, पण तो शेजारच्या लहान मुलाच्या अंथरुणाजवळ दिसावा याला आपल्या खुराड्यातील सांडलेला मका कारण होऊ नये. संध्याकाळी उरलेले खाद्य उचलून झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि खुराड्याला अर्धा इंची जाळी लावावी.

चौथी पायरी: सोडण्याची वेळ

माझ्या मते शेजारधर्माचा सर्वांत मोठा भाग कुंपणात नसून घड्याळात आहे. कोंबड्या सकाळी उजाडल्यापासून पाच-सहा तासांत बहुतेक अंडी घालतात. त्या साडेदहा-अकरापर्यंत खुराड्यात किंवा जाळीच्या आवारात राहिल्या तर अंडी घरच्या डालग्यातच पडतात आणि शेजारच्या कडब्याच्या गंजीत शोधाशोध करावी लागत नाही. नव्या तलंगेला, म्हणजे पहिल्यांदाच अंडी घालू लागलेल्या कोंबडीला, जागा दाखवण्यासाठी डालग्यात अंड्याच्या आकाराची पांढरी गारगोटी ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते.

एरवीच्या दिवसांत अकरा ते अंधार पडेपर्यंत कोंबड्या मोकळ्या असायला हरकत नाही. शेजारी वाफे टाकणार असतील त्या पंधरवड्यात मात्र त्या दुपारी चारनंतरच सोडाव्यात. अंधार पडू लागला की कोंबड्या आपण होऊन खुराड्याकडे वळतात, त्यामुळे दोन-अडीच तासांत त्या फार लांब जात नाहीत, आणि परतताना घरच्या दारात मूठभर दाणे टाकण्याची सवय लावली तर एका हाकेसरशी येतात. या दिवसांत चारा कमी मिळतो. मोठ्या पक्ष्याला दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाद्य लागते, एरवी त्याचा बराच भाग तो चरून मिळवतो, आणि बंद असताना तेवढी भर घरातून घालावी लागते. हा खर्च कोंबडीवाल्याचाच आहे, हे बैठकीतच स्पष्ट झालेले बरे.

एखादी गावठी कोंबडी तरीही भिंत ओलांडत असेल तर तिच्या एकाच पंखाची टोकाकडची आठ-दहा मोठी पिसे कात्रीने छाटावीत. एकाच बाजूची पिसे छाटल्याने उडताना तिचा तोल जातो. दोन्ही बाजूंची छाटली तर ती पुन्हा सरळ उडायला शिकते. नुकत्याच फुटलेल्या, मुळाशी रक्त असलेल्या पिसांना हात लावू नये. पिसे झडून नवी आली की हे काम पुन्हा करावे लागते. ज्या कोंबडीला वस्तीवर कुत्र्यांपासून पळायचे आहे तिची पिसे छाटणे मात्र योग्य नाही.

पाचवी पायरी: वाफ्याची बाजू

कोंबड्या आवरणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहेच, पण गावठाणात परसबाग करणाऱ्यानेही काही गोष्टी गृहीत धरल्या पाहिजेत. उघडी, भुसभुशीत, नुकतीच पाणी दिलेली माती म्हणजे कोंबडीला आमंत्रण असते. तेथे किडे असतात, बी असते आणि उन्हात अंग घोळवायला गारवा असतो. कोंबडी सहसा उगवलेल्या रोपासाठी येत नाही, ती उकरण्यासाठी येते आणि त्यात रोपे उपटली जातात. म्हणून संरक्षणाची खरी गरज पेरल्यापासून रोपे मूळ धरेपर्यंतच असते. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, पालकाला आठवडा लागतो आणि कोथिंबिरीला दहा-बारा दिवस. हे ध्यानात घेऊन सर्व पालेभाज्या एकाच वाफ्यात, शेजारी शेजारी आणि एकाच वेळी टाकाव्यात, म्हणजे शेजाऱ्याला एकदाच पंधरा दिवस कोंबड्या कोंडाव्या लागतील. दर चार दिवसांनी एक ओळ टाकणारा माणूस शेजाऱ्याकडून महिनाभर कोंडून ठेवण्याची अपेक्षा करू शकत नाही.

पेरलेल्या वाफ्यावर बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या आडव्या पसराव्यात, किंवा वेळूच्या कमानी रोवून त्यांवर जुनी मच्छरदाणी अथवा शेडनेट ताणावे. काट्या सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक आहेत, कारण कोंबडीला पाय टेकायला जागाच राहत नाही. कायमचे कुंपण करायचे असेल तर ते साडेपाच-सहा फूट उंच असावे आणि त्याच्या माथ्यावर आडवा बांबू किंवा पाइप नसावा. कोंबडी बहुधा थेट पलीकडे उडत नाही, ती आधी माथ्यावर बसते, आणि बसायला आधार नसलेली ढिली जाळी ती टाळते. खालच्या बाजूस तुराट्या दाट रोवल्या तर पिल्लेही आत शिरत नाहीत.

लागवडीची मांडणीही उपयोगी पडते. शेजारच्या हद्दीकडे गवती चहा, हळद, आळू, कढीपत्ता यांसारखी कोंबड्या सहसा न छेडणारी झाडे लावावीत आणि मेथी, पालक, शेपू, चाकवत यांचे वाफे घराच्या बाजूला, येता-जाता नजर पडेल असे घ्यावेत. वेलींना उंच मांडव द्यावा. दोडक्याचा किंवा घेवड्याचा वेल शेजारच्या पत्र्यावर चढला तर पलीकडे लोंबणारी फळे पलीकडच्यांची, असे आधीच म्हणून टाकावे. शेवगा मात्र हद्दीपासून दहा-बारा फूट आत लावावा. त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वाऱ्यात मोडलेली फांदी शेजारची कौले फोडते.

याच देवाणघेवाणीची दुसरी बाजू फारशी कोणी वापरत नाही. वाफ्यातील भाजी संपली, माती खणून मोकळी झाली की शेजाऱ्यांच्या कोंबड्या दोन-तीन संध्याकाळी मुद्दाम त्यात सोडून घ्याव्यात. हुमणीच्या अळ्या, कोष, वाळवी आणि तणाचे बी त्या वेचून खातात, आणि उसाच्या पट्ट्यात हुमणी परसातही येतेच. त्यानंतर लगेच त्या जागी कोथिंबीर किंवा मुळा यांसारखी कच्ची खाल्ली जाणारी भाजी न घेता आधी दोडका, कारले किंवा भोपळा घ्यावा.

सहावी पायरी: खत

कोंबडीखतात नत्र सुमारे तीन टक्के असते, म्हणजे शेणखताच्या कितीतरी पट जास्त, आणि म्हणूनच ताजी विष्ठा रोपांच्या मुळांशी टाकली तर रोपे करपतात. शिवाय तिच्यातील रोगजंतू पालेभाजीवाटे पोटात जाऊ शकतात. खुराड्यातून निघालेली तुसाची गादी पालापाचोळा आणि थोड्या मातीसह खड्ड्यात थर देऊन भरावी, ओलसर ठेवावी, तीन-चार आठवड्यांनी एकदा पालटावी आणि किमान दोन-तीन महिने कुजू द्यावी. असे कुजलेले खत काळपट, भुसभुशीत होते आणि त्याला विष्ठेचा वास राहत नाही.

हा खड्डा दोन घरांनी मिळून करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. कोंबडीवाल्याकडे गादी असते, परसबागवाल्याकडे पाचोळा आणि भाजीचे देठ असतात, आणि दोन्ही एकत्र आले तरच खड्डा नीट कुजतो. खत निम्मे-निम्मे वाटून घेतल्यावर ज्याच्याकडे कोंबडी नाही त्यालाही शेजारच्या कोंबड्यांतून काही मिळते, आणि मग अंगणातल्या एखाद्या विष्ठेवरून आवाज चढत नाही. खड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला असावा.

सातवी पायरी: लसीकरण एकाच दिवशी

संपूर्ण लेखातील हा भाग कोणीही टाळू नये. परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग आहे. आजारी पक्षी गळून बसतो, धापा टाकतो, हिरवट-पांढरी हगवण लागते, काहींची मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, आणि लस न दिलेल्या गल्लीत आठवडाभरात खुराडी रिकामी होऊ शकतात. रोग झाल्यावर औषध नाही. लस हाच उपाय आहे.

अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, ती दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि द्रावण तयार केल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची कुपी फोडणे कोणालाच परवडत नाही, म्हणून प्रत्येक घर लस टाळते आणि एकाच्या टाळण्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. सात घरांचे मिळून नव्वद पक्षी झाले तर तीच कुपी पुरेपूर वापरली जाते आणि खर्च नगण्य होतो. गल्लीची वही लागते ती येथे.

काम पुढीलप्रमाणे करावे. तालुक्याच्या किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आठ दिवस आधी पक्ष्यांची एकूण संख्या आणि वयोगट कळवावेत. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ठरणारा सर्वसाधारण क्रम असा असतो: पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या राणीखेतच्याच लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटाची पुन्हा एक मात्रा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या पक्ष्यांना देवीची आणि राणीखेतची टोचायची लस, पण या दोन्ही एकाच दिवशी न देता आठवड्याच्या अंतराने. मोठ्या पक्ष्यांना पुन्हा कधी द्यायची ते दवाखान्यात विचारून वहीत लिहावे. लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणावी आणि आदल्या संध्याकाळी सर्वांनी कोंबड्या खुराड्यातच ठेवाव्यात, कारण सकाळी सोडलेली कोंबडी दुपारी पकडताना होणारी पळापळ लसीचा वेळ खाऊन टाकते. सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. एकीने पक्षी धरावा, दुसरीने थेंब टाकून तो डोळ्यात जिरेपर्यंत दोन क्षण थांबावे, तिसरीने वहीत खूण करावी. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला लस देऊ नये, तो वेगळा ठेवावा. रिकामी कुपी जाळून किंवा उकळून पुरावी, मुलांच्या हाती देऊ नये.

मरतुक सुरू झालीच तर लपवू नये. आजारी पक्षी घाईघाईने आठवडी बाजारात विकणे किंवा पाहुण्यांच्या हाती देणे म्हणजे रोग दुसऱ्या गावाला पोचवणे होय. २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार अधिसूचित संसर्गजन्य पशुरोगाची माहिती ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकाला देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि बर्ड फ्लूच्या बाबतीत तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे त्याचा देशातील पहिला प्रादुर्भाव आढळला होता. पशुसंवर्धन सेवेचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. मेलेला पक्षी ओढ्यात, उकिरड्यावर किंवा उसात न फेकता तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा, नाही तर कुत्री तो उकरून दुसऱ्या गल्लीत नेतात. ज्या घरी मरतुक आहे तेथे जाऊन आलेल्या माणसाने चपला आणि हात-पाय धुतल्याशिवाय आपल्या खुराड्याकडे जाऊ नये.

आठवी पायरी: जत्रा, पाहुणे आणि बाजार

चैत्र-वैशाखातील जत्रांच्या दिवसांत आणि नंतर आखाडात गावात बाहेरचे पक्षी येतात. त्याच दिवशी कापायचा कोंबडा असेल तर तो बांधून ठेवावा, इतर कोंबड्यांत सोडू नये. पाळण्यासाठी आणलेला पक्षी, मग तो बाजारातला असो की लेकीच्या सासरचा, किमान दोन ते तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर ठेवावा. याला कोणी सोवळे म्हणेल, पण मानमोडीचा शिरकाव बहुधा याच दाराने होतो.

कापण्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. सांगली जिल्ह्यात जैन आणि लिंगायत कुटुंबांची वस्ती मोठी आहे, आणि माळकरी घर तर प्रत्येक गल्लीत असते. कोंबडी पाळण्याला यांतील बहुतेकांची हरकत नसते. सामाईक बोळात पिसे आणि रक्त पडण्याला असते, आणि ती रास्त आहे. कापणे आपल्या परसात, आडोशाला करावे, पिसे व आतडी लगेच पुरावीत आणि धुतलेले पाणी शेजारच्या दारावरून जाणाऱ्या गटारीत सोडू नये. एकादशी, श्रावणी सोमवार किंवा पर्युषणाचे दिवस शेजाऱ्यासाठी टाळता आले तर टाळावेत.

नववी पायरी: औषधे आणि विषे

परसबागेत कीटकनाशक मारायचे असेल तर आदल्या दिवशी शेजारी सांगावे आणि बाटलीवर दिलेला कालावधी संपेपर्यंत कोंबड्या कोंडून ठेवाव्यात. बीजप्रक्रिया केलेले गुलाबी-लाल रंगाचे बियाणे अंगणात वाळवू नये आणि उरलेले उकिरड्यावर टाकू नये. उंदरांचे विषारी आमिष उघड्यावर ठेवल्यास ते कोंबडी खाते, आणि मेलेला उंदीर खाऊन शेजारचे मांजर जाते; गल्लीत विष वापरायचेच असेल तर सगळ्यांनी एकाच रात्री, बंद डब्यात ठेवून वापरावे.

रात्रीच्या धोक्यांत मुंगूस, रानमांजर आणि भटकी कुत्री नेहमीची आहेत. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या ऊसपट्ट्यांत बिबट्याही आहे. कातड्या-पिसांचा उघडा कचरा कुत्र्यांना जमवतो आणि जमलेली कुत्री बिबट्याला ओढतात, म्हणून वस्तीवरच्या घरांनी ही साखळी पहिल्या टोकालाच तोडावी.

दहावी पायरी: अंडी, पिल्ले आणि वाटा

दुसऱ्याच्या गंजीत सापडलेले अंडे कोणाचे, हा प्रश्न दिसतो तितका हलका नाही. मला पटलेली रीत अशी की अंडे ज्याच्या जागेत सापडले त्याचे, पण सापडल्याचे सांगायचे. यामुळे कोंबडीवाली सकाळी कोंबडी कोंडण्याची काळजी घेते, आणि सांगितल्यामुळे कोणाची कोंबडी बाहेर घालते आहे हेही कळते. पक्षी ओळखू यावेत म्हणून प्रत्येक घराने पायात एका ठरावीक रंगाचे कडे घालावे. दोरा वापरू नये, पाय वाढला की तो रुततो.

पिल्ले अर्धलीने देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे: एकीची अंडी किंवा कोंबडी, दुसरीची राखण, आणि पिल्ले निम्मी-निम्मी. उबवणीला एकवीस दिवस लागतात, पण वाटणी त्या दिवशी करू नये, कारण पहिल्या काही आठवड्यांतच पिल्ले सर्वांत जास्त दगावतात. दोन महिन्यांची झाल्यावर, देवीची आणि मानमोडीची लस झाल्यानंतर मोजून वाटावीत. लसीचा खर्च कोणाचा, आणि मूळ कोंबडी मेली तर काय, हे दोन प्रश्न सुरुवातीलाच बोलून घ्यावेत. अर्धलीतली बहुतेक भांडणे या दोहोंवरूनच होतात.

अकरावी पायरी: तक्रार झालीच तर

वाफा उकरलेला दिसल्यावर त्याच क्षणी भिंतीवरून ओरडू नये. दोन दिवस पाहावे, कोंबडी कोणाची ते पायातल्या कड्यावरून खात्री करावी आणि मग समोरासमोर जाऊन नेमके सांगावे. "काकी, निळ्या कड्याची तलंग परवापासून आमच्या कोथिंबिरीत येतीया, गुरुवारपर्यंत चारनंतर सोडा की," हे वाक्य पुरते. त्यात कोंबडी कोणती, वाफा कोणता आणि मुदत कधीपर्यंत, हे तिन्ही आहे. "तुमच्या कोंबड्यांनी जीव नकोसा केलाय" या वाक्यात यांतले काहीच नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला भांडण्यावाचून दुसरे करण्यासारखे उरत नाही.

नुकसानभरपाई पैशात मागण्यापेक्षा बियाण्यात आणि श्रमात घ्यावी: वाफा पुन्हा टाकण्याचे बी कोंबडीवाल्याने द्यावे आणि काट्या पसरायला हात लावावा. दगड मारून कोंबडी लंगडी केली तर तिची किंमत मारणाऱ्याने द्यावी, हेही बैठकीत आधीच ठरलेले असावे.

एवढ्यावर न मिटल्यास काही जण कोंडवाड्याची धमकी देतात. तिला अर्थ नाही. १८७१ च्या गुरे अतिक्रमण अधिनियमातील गुरांच्या व्याख्येत शेळ्या-मेंढ्या आणि डुकरेसुद्धा येतात, पण कोंबड्या येत नाहीत. योग्य मार्ग म्हणजे गल्लीतील दोन वडीलधाऱ्यांसमोर वही ठेवून बोलणे, आणि तरीही अडले तर गावच्या तंटामुक्त समितीकडे जाणे. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून ही मोहीम राज्यभर सुरू झाली, आणि ज्या गावांत समिती अजून जागती आहे तेथे असे वाद पोलीस ठाण्यापर्यंत न्यावे लागत नाहीत. वास, सांडपाणी किंवा मेलेल्या पक्ष्यांचा उघडा कचरा यांविषयीची तक्रार असेल तर ती सार्वजनिक आरोग्याची बाब असल्याने ग्रामपंचायतीकडे लेखी द्यावी, अर्जात जागा, तारीख आणि आधी तोंडी सांगितल्याचा उल्लेख असावा, आणि पोच घेतलेली प्रत आपल्याकडे ठेवावी.